खाकी कागदावरचे आठ रकाने

मागच्या रविवारी दुपारी मामेभावाचा फोन आला. बारावी झाली, अमेरिकेतल्या एका लहान कॉलेजात प्रवेश पक्का झालाय, ऑगस्टमध्ये निघणार. विषय फिजिक्स. "ताई, एकच विचारायचं होतं. ते होमर-बिमर, चित्रकला, इतिहास असलं जे कम्पल्सरी असतं ना, ते पहिल्या दोन वर्षांत उरकून टाकू का? मग पुढं निवांत फिजिक्स."

उरकून टाकू. आमच्या घरात हे क्रियापद भांड्यांपासून बारशापर्यंत सगळ्याला चालतं, त्यामुळे पोराला दोष देण्यात अर्थ नाही. २०१४ साली साताऱ्याहून न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले तेव्हा मीही डोक्यात हेच घेऊन गेले होते, आणि त्यापायी दुसऱ्या वर्षी चांगली आपटले. फोनवर त्याला एवढंच म्हणाले, "थांब, नीट लिहून पाठवते." लिहायला बसले तर बरंच झालं, म्हणून इथेच टाकतेय.

अशी पदवी असते हेच मुळात आपल्याकडे समजावून सांगणं अवघड. दहावीनंतर माणूस एका 'साइड'ला जातो. सायन्स साइड, आर्ट्स साइड, कॉमर्स साइड. आणि एकदा गेला की गेला. पहिल्या सुट्टीत घरी आले तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "काय वाचतेस सध्या?" मी म्हटलं, ग्रीक नाटकं. काकांनी आईकडे पाहिलं. "वहिनी, ही फिजिक्सला गेली होती ना?" माझी बाजू सावरायची म्हणून आईनं सांगितलं, "दोन्ही आहे तिला. डबल." काकांनी चहा संपवला, पण आळीत मी 'आर्ट्सला गेलेली' झाले ती झालेच. आता नव्या शैक्षणिक धोरणानंतर इथल्या बीएस्सीच्या मुलांनाही दुसऱ्या शाखेतला ओपन इलेक्टिव्ह घ्यावा लागतो. काकांचा नातू सध्या त्यातच आहे, त्यामुळे मला थोडी माफी मिळालीय.

तर हिशेब असा होता. कोलंबिया कॉलेजात पदवीला १२४ पॉइंट, म्हणजे क्रेडिट, लागायचे. आठ सत्रं, म्हणजे सत्राला साडेपंधरा. यातला 'कोअर', म्हणजे सक्तीच्या विषयांचा भाग, सगळ्यांना सारखाच, फिजिक्सवाला असो की नाटकवाला. पहिल्या वर्षी लिटरेचर ह्युमॅनिटीज (होमरपासूनचं साहित्य), दोन सत्रं. दुसऱ्या वर्षी कंटेम्पररी सिव्हिलायझेशन (समाज आणि राज्य यांवरचे जुने विचारवंत), दोन सत्रं. शिवाय युनिव्हर्सिटी रायटिंग, फ्रंटियर्स ऑफ सायन्स, आर्ट ह्युमॅनिटीज, म्युझिक ह्युमॅनिटीज, युरोप-अमेरिकेबाहेरच्या संस्कृतींसाठी ग्लोबल कोअरचे दोन कोर्स, व्यायामाचे दोन, परकीय भाषेची चार सत्रं, आणि वर पोहण्याची परीक्षा. कंटेम्पररी सिव्हिलायझेशन यातला सगळ्यात जुना, १९१९ सालचा, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हाचा. लिटरेचर ह्युमॅनिटीज १९३७ चा. पूर्ण नावं तिथे कुणी घेत नाही. लिट ह्युम, सीसी, आर्ट ह्युम, म्युझिक ह्युम.

आईनं बॅगेत वह्यांना कव्हर घालायच्या खाकी कागदाची गुंडाळी कोंबली होती, तिकडे मिळतो की नाही कुणास ठाऊक म्हणून. वह्यांना कव्हर घालायची वेळ काही आली नाही. पहिल्याच आठवड्यात त्यातला हातभर लांब तुकडा वसतिगृहाच्या भिंतीवर चिकटवला, पट्टीनं आठ रकाने आखले आणि पेन्सिलीनं कोर्स भरायला घेतले. पुढची चार वर्षं माझं सगळं नियोजन त्या कागदावर झालं. शेवटी शेवटी खोडरबरानं तो इतका पातळ झाला होता की काही चौकोनांतून मागची भिंत दिसायची.

भाषा सोडली तर कोअरचे ३७-३८ पॉइंट. फिजिक्स आणि त्याला लागणारं गणित मिळून ५५ च्या आसपास. उरले तीसेक, म्हणजे नऊ-दहा कोर्स. ते तुमचे.

आणि भाषेचे १६ पॉइंट मला मराठी माध्यमानं वाचवून दिले. मातृभाषा इंग्रजी नसेल आणि माध्यमिक शिक्षण त्या मातृभाषेत झालेलं असेल, तर भाषेची अट आपोआप पूर्ण झाली असं मानलं जायचं. दहावीची गुणपत्रिका आणि शाळेचा दाखला दाखवला, काम झालं. 'पोरीला इंग्लिश मीडियमला घालायला हवं होतं' हे मी बालवाडीपासून ऐकत आले होते. त्या संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं की मराठी माध्यमाचे मला चार कोर्स मिळाले. बाबा म्हणाले, "पैशात किती होतात?" (मामेभावा, तू सेमी-इंग्लिशवाला. तुझ्या कॉलेजचा नियम आधी नीट वाच.)

बारावीच्या मार्कांचं मात्र एकही क्रेडिट मिळालं नाही, आणि तिथेच माझी पहिली चूक झाली. फिजिक्सची सुरुवात करायला तीन वाटा होत्या. एक साधी, एक थोडी चढाची, दोन्ही तीन सत्रांच्या. तिसरी वेगवान, सगळं दोन सत्रांत. मी अर्थातच तिसरीत जाऊन बसले. अकरावी-बारावीत क्लासच्या नोट्स घोटून झाल्या होत्या. उतरणीवरचे ठोकळे आणि कप्पीवरची वजनं मी झोपेत सोडवायचे. पहिला प्रॉब्लेम सेट आला. सहा गणितं. त्यांतली दीड सुटली. मला उत्तर काढायची सवय होती. गोष्ट कुठून धरायची, काय सोडून द्यायचं, एवढं उत्तर शक्य तरी आहे का, हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. चार पर्यायही दिलेले नव्हते. दीड आठवड्यानं मुकाट्यानं मधल्या वाटेवर आले. त्या दिवशी फार रडले हे आता सांगायला हरकत नाही. एक सत्र मागे पडले खरी, पण क्वांटम मेकॅनिक्स ठरल्या वेळीच झालं आणि पाया पक्का झाला. पहिल्या दोन आठवड्यांत कोर्स बदलता येतात ते याचसाठी. त्याला माघार म्हणू नकोस.

फिजिक्सचे वर्ग प्युपिन हॉल नावाच्या इमारतीत. युरेनियमचं विखंडन अमेरिकेत पहिल्यांदा झालं ते हिच्या तळघरात, जानेवारी १९३९ मध्ये. हे सगळे सांगतात. मला जास्त आवडते ती खुद्द प्युपिनची गोष्ट. मिहायलो प्युपिन हा सर्बियन पोरगा १८७४ मध्ये खिशात पाच सेंट घेऊन न्यूयॉर्कला उतरला. कारखान्यांतून कामं करत शिकला आणि १८७९ मध्ये कोलंबियाच्या प्रवेश परीक्षेला बसला तेव्हा होमरच्या इलियडचे पहिले दोन सर्ग मूळ ग्रीकमध्ये तोंडपाठ करून गेला होता. पुढे तो मोठा विद्युतशास्त्रज्ञ झाला, लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठी त्याचं काम महत्त्वाचं ठरलं, आणि फिजिक्सच्या इमारतीला त्याचं नाव लागलं. मी त्या इमारतीत बसून 'हे इलियड एकदाचं संपलं की फिजिक्सला लागू' असं म्हणत होते.

लिट ह्युमचा वर्ग बावीस-एक जणांचा, एका टेबलाभोवती. मंगळवार-गुरुवार दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी सुरू व्हायचा आणि जवळजवळ दोन तास चालायचा. व्याख्यान नाहीच. सगळ्यांनी वाचून यायचं आणि बोलायचं, आणि बोलण्याला मार्क. माझी दातखीळ बसायची. वाचलेलं असायचं, म्हणायचंही असायचं, पण डोक्यात मराठीत तयार झालेलं वाक्य इंग्रजीत उतरेपर्यंत चर्चा दोन वळणं पुढे गेलेली असायची. मग एक युक्ती काढली. वर्गाआधी वहीत एकच प्रश्न मराठीत लिहायचा, त्याचं इंग्रजी करून ठेवायचं आणि पहिल्या दहा मिनिटांत तो विचारून मोकळं व्हायचं. पहिला प्रश्न हेक्टरबद्दल होता. मेलेल्या शत्रूच्या देहाची विटंबना केल्यावर अकिलीसला पुढे कुणी जाब विचारतं का? आजी चातुर्मासात पोथी वाचायची, तेव्हा युद्धानंतरच्या बायकांच्या विलापाशी तिचा आवाज बदलायचा, ते मला तिथे टेबलाशी आठवलं होतं. त्या प्रश्नावर वर्ग वीस मिनिटं बोलला. मी पुन्हा तोंड उघडलं नाही, पण मार्क मिळाले.

पहिल्या वर्षात कळली ती एक साधी गोष्ट, आणि नियोजनाचं सगळं त्यातच आहे. प्रॉब्लेम सेट आणि वाचन यांचा थकवा वेगळा असतो. प्रॉब्लेम सेट अडला की अडतो, मग रात्रभर बसलं तरी तो हलत नाही. झोपून उठलं की कधी कधी पाच मिनिटांत सुटतो. वाचन अडत नाही, ते फक्त संपत नाही. मी तासाला वीस पानं वाचायचे. आठवड्याचं वाचन दीडशे-दोनशे पानांचं. म्हणजे अडलेला प्रॉब्लेम सेट बाजूला ठेवून वाचायला घेता येतं आणि डोळे शिणले की परत गणिताकडे जाता येतं. एकमेकांच्या शेजारी दोन्ही छान नांदतात. पण एका सत्रात वाचनाचे तीन कोर्स घेतले की कुठे पळायला जागाच उरत नाही. तीन प्रॉब्लेम सेटवाले घेतले तरी तेच. वाचनाचे दोन, गणितांचे दोन, आणि लॅब असेल तर एकच, त्यावर काही नाही. हे गणित मला पहिल्या वर्षाच्या शेवटी कळलं होतं आणि तरीही दुसऱ्या वर्षी मी ते मोडलं.

मोडलं कारण दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र फारच सुंदर गेलं. त्यात फिजिक्समध्ये तरंग होते, सोबत लिनिअर अल्जिब्रा, सीसी आणि म्युझिक ह्युम. म्युझिक ह्युम मी निव्वळ वेळापत्रकात बसला म्हणून घेतला होता. कोर्स पाश्चात्त्य संगीताचा, पण एके दिवशी स्वरांच्या जुळणीवर बोलणं निघालं. पियानोचे बारा स्वर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, त्यामुळे ते निसर्गाच्या गुणोत्तरांशी अगदी तंतोतंत जुळत नाहीत. त्याच आठवड्यात प्युपिनमध्ये ताणलेल्या तारेचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वरासोबत वाजणारे वरचे स्वर, चालले होते. मी वहीत मांडून पाहिलं. षड्ज २४० हर्ट्झ धरला तर तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, बरोबर ३००. पेटीवरचा गंधार ३०२.४. दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला जवळजवळ अडीच ठोके पडणार, म्हणजे आवाज तितक्या वेळा कमीजास्त होणार. बाबा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. मंडळातले जुने बुवा एकदा म्हणाले होते की पेटीचा गंधार तंबोऱ्याशी भांडतो, आणि बाबांनी ते मनाला लावून घेतलं होतं. मी फोन करून सांगितलं, "बाबा, बुवा बरोबर होते. सेकंदाला अडीच वेळा भांडतो." पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे चूक माझी नव्हती, पेटीची होती."

त्याच सत्राच्या शेवटी, डिसेंबरात, सीसीमध्ये हॉब्ज आला, सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ. मला वाटलं राज्यशास्त्र असणार, चाळून टाकू. त्याचं लेव्हायथन हे पुस्तक १६५१ चं. दुसऱ्याच प्रकरणात हा माणूस सांगतो की गतिमान वस्तू कुणी अडवलं नाही तर चालतच राहते. न्यूटनचं प्रिन्सिपिया यायला अजून ३६ वर्षं होती. हॉब्ज गॅलिलिओला जाऊन भेटलेला होता आणि गतीचं ते नवं वेड त्याच्या डोक्यात बसलं होतं. त्यावरून तो कल्पनाशक्ती, स्वप्नं, इच्छा करत करत राज्यापर्यंत जातो. नववीत पाठ केलेला जडत्वाचा नियम इथे राजाच्या सत्तेची बाजू मांडायला उभा होता. त्या रात्री मी पहिल्यांदा नेमून दिलेल्या पानांच्या पुढे वाचत गेले.

झालं, माझा आत्मविश्वास फुगला. कोअर काय, हातचा मळ! वसंत सत्रात सीसीचा दुसरा भाग, मेकॅनिक्स, डिफरन्शियल इक्वेशन्स, एक ग्लोबल कोअर आणि वर तत्त्वज्ञानाचा एक कोर्स असे १७ पॉइंट भरले. वाचनाचे तीन. हेतू एकच, वर्षाच्या शेवटी जास्तीत जास्त चौकोनांवर काट मारायची. पाचव्या आठवड्यात मेकॅनिक्सची पहिली परीक्षा आणि सीसीचा निबंध एकाच शुक्रवारी आले. निबंध पहाटे चारला संपला. परीक्षेत लॅग्रांजियन (ज्यावरून गतीची समीकरणं निघतात ते सूत्र) मांडायचं होतं आणि मी तीन वेळा चुकीचे सहनिर्देशक निवडले. १०० पैकी ४१. बारावीपर्यंत फिजिक्समध्ये ९० च्या खाली कधी आले नव्हते.

सल्लागार प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी गुणांबद्दल काहीच विचारलं नाही. म्हणाले, "तुझा तक्ता दाखव." मी फोनमधला खाकी कागदाचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा तू डावीकडून का भरलास?"

मला प्रश्नच कळला नाही. डावीकडूनच भरतात ना, पहिल्या सत्रापासून?

मग त्यांनी उजवीकडून सुरुवात करायला लावली. पीएचडीला अर्ज करायचा आहे? तर फिजिक्सची जीआरई ही प्रवेशासाठीची परीक्षा चौथ्या वर्षाच्या शरद ऋतूत. तेव्हा ती १०० प्रश्नांची असायची, १७० मिनिटांत सोडवायची. म्हणजे क्वांटम, थर्मल आणि विद्युतचुंबकत्व तिसऱ्या वर्षाअखेर झालेलं हवं. विद्युतचुंबकत्वाशिवाय प्रकाशिकीचा कोर्स घेता येत नाही, म्हणजे ते पाचव्या सत्रात. क्वांटमला लिनिअर अल्जिब्रा हवं, ते सुदैवानं झालेलं होतं. असं करत करत मागे आलं की कळतं, फिजिक्सचे कोर्स शिडीच्या पायऱ्यांसारखे असतात. एक चुकली की वर्षभर लटकायचं, कारण काही कोर्स वर्षातून एकदाच असतात. लिट ह्युम आणि सीसी पहिल्या-दुसऱ्या वर्षाला बांधलेलेच आहेत, तिथे निवडायला काही नाही. सरकवता येतं ते फक्त बाकीचं: आर्ट ह्युम, म्युझिक ह्युम, ग्लोबल कोअर, मोकळे कोर्स. आणि नेमके तेच मी एका जागी ठासून भरले होते.

ग्लोबल कोअरचा कोर्स सोडला, मुदत संपायला दोन दिवस होते. १३ पॉइंट उरले. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्राला किमान १२ ठेवावेच लागतात, त्यामुळे याच्या खाली जायची सोयही नव्हती. मामेभावा, हा आकडा भिंतीवर लिहून ठेव. अमेरिकन मित्र सहज म्हणतो, "दोन कोर्स सोडून दे." त्याला सोडता येतात.

नव्यानं आखलेल्या तक्त्यात सहाव्या सत्रात इंटरमिजिएट लॅब आली आणि तिच्या शेजारी आर्ट ह्युम. मला वाटलं होतं, त्याच सत्रात प्रकाशिकी आहे, चित्रांतला प्रकाश नि आमचा प्रकाश जुळतील, तरंगांसारखी काहीतरी मजा येईल. काहीही जुळलं नाही. रेम्ब्राँटला मॅक्सवेलच्या समीकरणांशी देणंघेणं नाही. पण आर्ट ह्युमच्या मॅडमची एक शिस्त होती: मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एका चित्रासमोर अर्धा तास उभं राहायचं आणि फक्त दिसतं ते लिहायचं. अर्थ नाही, चित्रकाराचं चरित्र नाही, 'दुःखी चेहरा' असंही नाही. भुवई कुठे आहे, ओठांची कड कुठे संपते, एवढंच. कॉलेजच्या ओळखपत्रावर तिथे प्रवेश फुकट होता, त्यामुळे मी शनिवारी सकाळी जाऊन बसायचे. त्याच महिन्यात लॅबमध्ये म्यूऑन नावाच्या क्षणभंगुर कणाचं आयुर्मान मोजत होतो, २.२ मायक्रोसेकंद यायला हवं होतं आणि आमचं कमी येत होतं. जोडीदारानं वहीत लिहिलं होतं, 'पार्श्वभूमीच्या गोंगाटामुळे चूक'. मी ते खोडून आलेख कुठल्या ठिकाणी वाकतोय तेवढंच लिहिलं. वाकत होता तो अगदी सुरुवातीच्या दोन-तीन बिंदूंपाशी. गोंगाटाचा संबंध नव्हता. आमच्याच एका तारेची जोडणी ढिली होती.

फ्रंटियर्स ऑफ सायन्स आणि युनिव्हर्सिटी रायटिंगबद्दल फार सांगत नाही. पहिल्यात फिजिक्सवाल्याला निम्मं माहीत असतं, न्यूरोसायन्सचा भाग मात्र आवडला. दुसऱ्यानं मला परिच्छेद लिहायला शिकवला. आजही पेपर लिहिताना पहिला मसुदा तोडायची हिंमत तिथूनच येते.

आता थोडं विषयांतर, पण साताऱ्याच्या माणसाला ते टाळता येणार नाही. सोडून दिलेला ग्लोबल कोअर मी चौथ्या वर्षी घेतला, दक्षिण आशियाच्या इतिहासावरचा. त्या निमित्तानं लेहमन लायब्ररीत जाणं वाढलं, तिथे बाबासाहेबांचा पुतळा आहे. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेच्या रजिस्टरात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लागलं, हे आम्हाला पहिलीपासून माहीत. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला आले, हेही माहीत. मला माहीत नव्हती ती त्यांच्या कोर्सची यादी. तीन वर्षांत अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच नि जर्मन एकेक. मी बेरीज केली. ६०. माझा १७ पॉइंटांचा पराक्रम आठवून कान गरम झाले.

माझी नजर मात्र त्या चारवर अडकली. मुख्य विषय अर्थशास्त्र. भारतातल्या जातींच्या उगमावरचा तो प्रसिद्ध निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी वाचला, तो अर्थशास्त्राच्या नव्हे, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. साठातल्या त्या चार कोर्समधून. ते चार त्यांनी 'उरकून' टाकले असते तर, असा विचार मी पुतळ्यासमोर उभी राहून केला आणि मग प्रॉब्लेम सेट आठवला म्हणून पळाले.

मोकळ्या कोर्सचं सांगायचं राहिलं. त्यांतल्या एकाचा मला आजही पश्चात्ताप आहे: प्रोग्रॅमिंग सातव्या सत्रात घेतलं. ते पहिल्या वर्षी घ्यायला हवं होतं. लॅबचा डेटा मी दोन वर्षं स्प्रेडशीटमध्ये हातानं ओढत बसले, आणि दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका प्रयोगशाळेत काम मिळत होतं ते 'कोड येतो का' या एका प्रश्नावर गेलं. उन्हाळ्याचाही वेगळा हिशेब ठेव. एनएसएफ या अमेरिकी सरकारच्या विज्ञानसंस्थेच्या पैशावर चालणारे आरईयू नावाचे उन्हाळी संशोधन कार्यक्रम प्रामुख्यानं अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांसाठी असतात. आपल्याला आपल्याच कॉलेजातल्या प्राध्यापकांचं दार वाजवावं लागतं, आणि तेही फेब्रुवारीच्या आत. दार वाजवताना हातात प्रोग्रॅमिंग असलं की ते लवकर उघडतं.

सगळ्याच कॉलेजांत असा कोअर नसतो हेही लक्षात घे. ब्राऊनमध्ये १९६९ पासून ठरावीक कोअर नाहीच, मुलं आपलं आपण जमवतात. एमआयटीसारख्या ठिकाणीसुद्धा मानव्यविद्या, कला आणि सामाजिक शास्त्रांचे मिळून आठ विषय करावेच लागतात. तुझ्या कॉलेजचा तक्ता वेगळा असेल. पण तो उजवीकडून भर.

परवा त्यानं त्याचा तक्ता पाठवला. एक्सेलमध्ये, रंगीत, फिजिक्स निळं, गणित हिरवं, बाकी सगळं राखाडी. पहिल्या सत्रात तीन राखाडी चौकोन एकाखाली एक. मी त्यातल्या एकावर बोट ठेवून फोटो परत पाठवला. त्याचं उत्तर आलं, "बरं. हलवतो. पण ताई, इथेपण स्विमिंग टेस्ट आहे. ती कुठल्या सत्रात टाकू?"

कोलंबियात तीन लांब्या, ७५ यार्ड, पोहून दाखवावे लागायचे. इंजिनिअरिंगवाल्यांना माफी होती. वेळ आलीच तर ते मॅनहॅटनमधून बाहेर पडायला पूल बांधतील, असा तिथला जुना विनोद. सुसाट पोहणाऱ्या पोरींच्या शेजारच्या लेनमध्ये मी मान वर काढून, पाय झाडत, विहिरीतलं पोहणं पोहले होते. पाठीला रिकामा डबा बांधून ज्यानं मला शिकवलं, तो मामा. याचा बाप.

"सत्रात नको टाकूस," मी लिहिलं. "मामाला सांग, उद्या सकाळी मळ्यातल्या विहिरीवर ने म्हणावं. डबा आमच्या माळ्यावर आहे."